खालचा स्वर

माणसाला हौस कशाची जडावी याला काही नियम नाही. कोणी कबुतरे पाळतो, कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी दर पाच वर्षांनी निवडणुकीला उभा राहतो. आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि घरच्यांच्या सहनशक्तीप्रमाणे जो तो आपली हौस चालवीत असतो. पण हौशी माणसांची एक खोड मात्र सर्वत्र सारखी आढळते. दोघे एकत्र आले की ते तुलना करू लागतात. बैलांचे शौकीन शिंगांवरून हमरीतुमरीवर येतील, पानाचे शौकीन चुन्यावरून रुसतील, आणि मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेले दोन गवई जवारीवरून अख्खी दुपार घालवतील. घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढेमागे झाला की तार निराळी बोलू लागते म्हणे. ज्याला कान नाही तो म्हणतो, "दोन्ही सारखेच तर आहेत!" ज्याला कान आहे त्याला त्या रात्री झोप लागत नाही.

माझ्या भाच्याला दोन वर्षांपूर्वी अशी एक हौस जडली. ती बास गिटारची!

आता आमचे अंकुशनगर म्हणजे काही मुंबईचे धोबी तलाव नव्हे, की जिथे १८६५ सालापासून फुर्टाडोची वाद्यांची पेढी चालत आली आहे. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, साखर कारखान्याभोवती वसलेली ही वस्ती. आजूबाजूला ऊस आणि त्या उसाला पैठणच्या डाव्या कालव्याचे पाणी. दिवाळीच्या सुमारास गाळपाची तयारी सुरू होते, ऊसतोड मंडळींची बिऱ्हाडे येऊन पडतात, आणि पुढे होळीपर्यंत हवेला मळीचा वास असतो. वाद्यांची वाण इथेही नाही. सप्ताहाला पखवाज आहे, पोळ्याला हलगी आहे, आणि गणपतीत बेंजो पार्टी आहे. हा बेंजो मूळचा जपानी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९१२ साली नागोया शहरात टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून एकाने हे वाद्य केले. फिरतफिरत ते आपल्याकडे आले, बुलबुलतरंग झाले, मग त्याला विजेचा कान बसला आणि ते विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर चढले. आमच्या भाच्याने पहिल्यांदा विजेवर बोलणारी तार पाहिली ती अशाच एका ट्रॉलीवर. पण पोराची तऱ्हा न्यारी. सगळी पोरे बेंजोच्या किणकिणाटावर नाचत होती, तेव्हा हा मागे उभा राहून एका माणसाकडे टक लावून पाहत होता. त्या माणसाच्या गळ्यात लांब मानेची, चार जाड तारांची गिटार होती. तो नाचत नव्हता, हसत नव्हता. खाली मान घालून एकेक तार छेडीत होता.

"मामा, तो वाजवत होता ते कोणाला ऐकूच येत नव्हतं," भाचा मला सांगू लागला, "पण त्यानं पाणी प्यायला हात काढला ना, तर सगळा नाचच ढिला पडला."

मी शाळामास्तर. असले निरीक्षण एखाद्या विद्यार्थ्याने पेपरात लिहिले असते तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. कारण बासचे सारे शास्त्र त्या एका वाक्यात आले. आमच्या वसाहतीतल्या माणसाला तर ते समजावूनही सांगावे लागत नाही. हंगामात रात्रंदिवस कारखान्याची घरघर चालू असते. ती कोणी ऐकत नाही. तिच्या अंगावर आम्ही झोपतो. पण मध्यरात्री सफाईसाठी गिरणी थांबली रे थांबली, की घरोघरी माणसे कूस बदलतात. म्हातारे उठून बसतात. आवाजाने नव्हे, आवाज गेल्याने जाग येते. खालच्या स्वराचे असेच आहे. तो असतो तेव्हा त्याला कोणी विचारीत नाही.

ही बास गिटार फार जुनी नाही. पूर्वी पाश्चात्त्यांच्या वाद्यवृंदात खालच्या स्वरासाठी डबल बास नावाचे एक धूड असे. माणसापेक्षा उंच, मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागे, आणि बाकीची वाद्ये विजेवर वाजू लागल्यावर त्याचा आवाज कोणाला पोचेना. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९५१ साली त्याला गिटारीसारखे आडवे केले, मानेवर पडदे ठोकले आणि पोटात विजेचा कान बसवला. पडद्यांमुळे बोट नेमक्या सुरावर पडते म्हणून नाव ठेवले 'प्रिसिजन'. १९६० साली त्यानेच दुसरा नमुना काढला, 'जॅझ'. आज जगभर ज्या बास गिटारी विकल्या जातात त्यांतल्या पुष्कळशा या दोन भावंडांच्याच लेकीसुना आहेत. आणि गंमत अशी, की या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते.

आपल्या कानांनाही ही गिटार परकी नाही. राहुलदेव बर्मन यांची गाणी ऐकताना ज्यांचा पाय आपोआप हलतो, त्यांतल्या कितीजणांना टोनी वाझ हे नाव ठाऊक असेल? बर्मन यांच्या ताफ्यातले ते बास गिटारवादक. गाणारा लक्षात राहतो, लिहिणारा लक्षात राहतो, आणि पाय हलवणारा मात्र पायाशीच राहतो.

हे सारे ठीक. पण घरात हौसेपेक्षा मोठा प्रश्न निराळाच होता, आणि तो आमच्या दाजींचा होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जालन्याच्या एका लोखंडाच्या मिलमध्ये त्यांनी वीस वर्षे काढली. मग तिथून सुटून त्यांनी अंकुशनगरला मोटार रिवायंडिंगचे दुकान टाकले. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या, कालव्यावरच्या मोटारी जळतात. दाजी त्यातली जळकी तार उपसून काढतात आणि नवी तार भरतात. हात असा, की वेढे मोजावयाचे यंत्र बंद पडले तरी मोजणी चुकायची नाही. संध्याकाळी हाच हात पखवाजावर पडायचा. वसाहतीच्या भजनी मंडळात त्यांचा पखवाज म्हणजे मंडळाची कणा. डाव्या पुडीला लावायची कणीक ताई रोज पोळ्यांच्या परातीतूनच काढून ठेवी. किती ओली, किती घट्ट, हे तिला विचारावे लागत नसे.

पण मिलमधल्या वीस वर्षांनी आपला वाटा उचलला होता. दाजींचे कान उतरत गेले. जालन्याच्या डॉक्टरांनी एक आलेख काढून दाखवला. खालच्या सुरांकडे रेघ ठीक चालत आली होती, आणि पुढे, सेकंदाला तीनचार हजार कंपनांच्या आसपास, ती विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे कान असेच जातात म्हणे. आधी वरचा मुलूख पडतो. आपल्या भाषेतले स, श, फ, त त्याच मुलखात राहतात. अकार-आकार ऐकू येतात, व्यंजने गळून पडतात. दाजी एकदा मला म्हणाले, "मास्तर, बोलणं ऐकू येतं. शब्द ऐकू येत नाहीत."

भजनात टाळ ऐकू येईनात, अभंगाचे चरण कळेनात. एक दिवस चालीत कुठेतरी गोंधळ झाला, कोणी काही बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून दाजी भजनाला गेले नाहीत. पखवाज खोळीत घालून माळ्यावर ठेवला. कानाचे यंत्र आणले ते कपाटात राहिले. सगळे जग पत्र्यावर खडे टाकल्यासारखे वाजते, ही त्यांची तक्रार.

घरात याहून अवघड गोष्ट घडत होती. सतरा वर्षांचे पोर मुळातच तोंडातल्या तोंडात बोलते. ते काही सांगे. दाजी म्हणत, "काय?" ते पुन्हा सांगे. दाजी पुन्हा म्हणत, "काय?" आणि मग पोर म्हणे, "काही नाही, अण्णा." ताई मला म्हणाली, "अरे, या घरात दिवसातून वीसदा 'काही नाही' होतं. एवढ्या 'काही नाही'मध्ये काय काय राहून जात असेल?" तिचे हे म्हणणे माझ्या मनातून जाईना.

गिटारीचा विषय निघाला तो असा ओरडूनच निघाला. पैशाचा प्रश्न ताईने आपल्या भिशीतून सोडवला. दाजींनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. फक्त विचारले, "तारेचा आवाज विजेत कसा जातो?"

भाच्याने वहीवर आकृती काढली. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. चुंबकावरून पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उठते. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेली गोष्ट. दाजींना फॅरडे ठाऊक नाही, पण त्यांचे सारे आयुष्य त्याच्याच पुण्याईवर चालले आहे. त्यांनी आकृतीवर बोट ठेवून विचारले, "वेढे किती?" "आठदहा हजार." "तार?" "केसासारखी. मिलिमीटरचा सोळावा भाग." दाजींनी भुवया उंचावल्या. मोटारीच्या धंद्यात असली तार म्हणजे कोळ्याचे जाळे. ते म्हणाले, "बघायला पाहिजे."

एका रविवारी आम्ही तिघे छत्रपती संभाजीनगरला गेलो. भाच्याने तिथल्या हौशी मंडळींशी सूत जमवले होते. गच्चीवरची एक खोली, आणि खोलीत पाच जण. एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, एक बँकेतला कारकून, एक दर रविवारी चर्चमध्ये वाजवणारा, एक लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर हिंडणारा, आणि पाचवा घरमालकाचा मुलगा. पाचांची मिळून सहा गिटारी होत्या आणि मते दहा-बारा तरी असावीत.

त्यांचा सगळा वाद त्या विजेच्या कानावरून, म्हणजे पिकअपवरून. नवशिक्याने प्रिसिजन घराण्यातली घ्यावी की जॅझ घराण्यातली? प्रिसिजनला एकच पिकअप, १९५७ पासून त्याचे दोन तुकडे केलेले. एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली. जॅझला दोन वेगवेगळे पिकअप, एक मानेच्या बाजूला आणि एक घोडीजवळ. कानाची जागा बदलली की आवाज बदलतो. तार मधोमध रुंद झोका घेते, तिथला आवाज गोल आणि भरलेला. घोडीजवळ ती जेमतेम हलते, तिथला आवाज रोडका पण टोकदार. दाजी हे ऐकून मान डोलवू लागले. बेअरिंग कुठे बिघडले हे पाहताना ते पेचकसाचे टोक मोटारीवर ठेवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. टोक दोन बोटे सरकले की मोटार निराळी बोलते. त्यांना सांगावयाचे काय राहिले होते?

मग गुणगुणीचा मुद्दा निघाला. एकाच वेढ्याचा पिकअप भिंतीतल्या विजेचीही गुणगुण उचलतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. बासच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी जो सूर लागतो तो ४९ चा. म्हणजे घरातली वीज जवळजवळ त्या सुरात गात असते, आणि वाजवणाऱ्याला वाटते की आपणच वाजवतो आहोत! उपाय असा, की दोन वेढी घ्यायची, दुसरीत तार उलटी गुंडाळायची आणि चुंबकही उलटा बसवायचा. तारांचा आवाज मिळून येतो, गुणगुण एकमेकींत जिरते. प्रिसिजनचे दोन तुकडे हेच करतात. जॅझमध्ये दोन्ही पिकअप पूर्ण उघडले तर हे साधते. एकटाच उघडला की भुंगा परत हजर.

एवढे झाल्यावर कोणती चांगली, यावर पाच जणांचे एकमत होईना. दुपारचे दोन वाजले. शेवटी माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटले, "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा. कागद घ्या. एकजण वाजवेल, कोणती आवडली ते लिहायचे. शेजाऱ्याच्या कागदात डोकवायचे नाही." मंडळींनी हसतहसत मान्य केले. पहिल्या फेरीत एकीलाच भरघोस मते पडली. चर्चमधला वादक मोठा विचारी होता. तो म्हणाला, "सर, ही थोडी मोठ्याने वाजत होती. पुन्हा घेऊ." दोन्हींचा आवाज बेतून सारखा केला आणि पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी कागद असे निघाले, की एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या उलट, आणि दोघांनी तर स्वतःच्याच पहिल्या मताच्या उलट.

यात त्यांची अप्रतिष्ठा काही नव्हती. कानाची घडणच तशी आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिले, की आवाज बारीक असला की कानाला खालचे सूर कमी पोचतात. आवाज वाढवला की तेच सूर भरून येतात. म्हणून दुकानात जे वाद्य मोठ्याने वाजवून दाखवतात ते आपल्याला भारदस्त वाटते. बाजारातली पुष्कळ खरेदी अशी एका बटणाच्या फरकाने होत असावी, आणि ती केवळ वाद्यांचीच नव्हे!

हे चालू असताना दाजी मागे बसले होते. ऑर्केस्ट्रावाल्याची ती पंधरा इंची कर्ण्याची मोठी लाकडी पेटी होती. तिला टेकून त्यांनी तळहात तिच्या फळीवर ठेवला होता. त्यांना कोणी कागद दिला नव्हता. भाच्याची पाळी आली. त्याला तेव्हा चारच सूर येत होते. त्याने ते जॅझवर वाजवले, मग कारकुनाच्या जुन्या प्रिसिजन वळणाच्या गिटारीवर वाजवले. सर्वांत जाड तार सुटी वाजते तेव्हा सेकंदाला ४१ कंपने असतात. गवयाच्या तंबोऱ्यातला खर्जसुद्धा त्याच्या वरच राहतो. तो सूर फळीतून दाजींच्या हातात शिरला. ते म्हणाले, "हा."

"काय, अण्णा?" भाच्याने विचारले. त्या घरात 'काय' म्हणण्याची पाळी प्रथमच पोरावर आली होती.

"हा ऐकू येतो," दाजी म्हणाले.

भाच्याचे मन जॅझवर होते, हे मला माहीत होते. गेले तीन महिने त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिचेच चित्र होते. त्याने ती खाली ठेवली, आणि कारकुनाला विचारले, "दादा, ही देणार का?" पोराने कारण सांगितले नाही, मीही विचारले नाही. मंडळींना वाटले, किमतीमुळे. कारकुनाने अकरा हजारांत दिली. वर एक जुना मोडका पिकअपही दिला. मूळचा काढून त्याने महागाचा बसवला होता, आणि त्या मूळच्या एका तुकड्यातली तार तुटलेली होती.

नवशिक्याला याशिवाय काय लागते, हे कोणा वाचकाच्या घरात अशीच हौस शिरली असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगून टाकतो. बाससाठीच केलेला एक लहान अँप्लिफायर लागतो. साध्या गिटारीच्या पेटीवर बास जोराने वाजवली तर तिचा कर्णा फाटण्याची भीती असते. एक मजबूत वायर, एक रुंद पट्टा, कारण वाद्य चांगले चार किलोंच्या घरात जाते. सूर लावावयाचे एक छोटे यंत्र. आणि जाणत्याकडून मानेचा बाक व तारांची उंची एकदा ठीक करून घेणे. तार पडद्यापासून फार उंच असेल तर नवशिक्याची बोटे सोलून निघतात आणि हौस दुसऱ्या महिन्यात खुंटीला लागते. पिकअपची चिंता त्यानंतर करावी. १९६२ साली फेंडरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या एका प्रिसिजनवर डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनने एका बोटाने जग हलवले, आणि त्याच सालच्या एका जॅझवर जॅको पास्टोरियसने पडदे उपटून टाकून दुसरेच जग उभे केले. त्या दोघांच्या गिटारींची अदलाबदल केली असती तरी जेमर्सन जेमर्सनच राहिला असता, असे मला आपले वाटते.

पण मग तुलना व्यर्थ का? त्या रविवारी परतताना मला तसे वाटू लागले होते. पाच शहाणी माणसे भिंतीकडे तोंड करून बसतात आणि स्वतःचेच मत ओळखू शकत नाहीत! याचे उत्तर मला महिन्याभराने दाजींच्या दुकानात मिळाले.

दाजींनी तो मोडका पिकअप उकलला होता. शहरातून केसासारखी तार मागवली. वेढे भरण्याच्या यंत्राला भाचा मूठ मारणार, आणि दाजी दोन बोटांत तार धरून तिला वाट दाखवणार. तार दोनदा तुटली. पहिल्यांदा चारशेला, दुसऱ्यांदा पाच हजारांच्या पुढे. दाजींनी शिवी दिली नाही. नव्याने टोक लावले. शाबूत तुकडा समोर ठेवून त्यांनी वेढ्यांची दिशा पाहिली आणि हा उलटा भरला, म्हणजे गुणगुण जिरेल. संध्याकाळी मी दुकानात गेलो तेव्हा मीटरवर काटा दोन्ही तुकड्यांना जवळजवळ सारखा येत होता आणि दाजींच्या चेहऱ्यावर, मोठी मोटार पहिल्या झटक्याला फिरली की येते ते हसू होते.

पिकअप बसवला. भाच्याने आधी त्यावर वाजवले, मग महागाचा परत लावून तेच सूर वाजवले. दाजी तळहात पेटीवर ठेवून बसले होते. त्यांनी विचारले, "काय फरक?"

मी मनात म्हटले, आता 'काही नाही' येणार. कारण फरक होता तो वरच्या मुलखातला होता, तारेवर नख लागते तेव्हाच्या बारीक खणखणाटातला. तो दाजींना ऐकू येणे शक्यच नव्हते.

पोराने गिटार खाली ठेवली. बापाच्या समोर स्टूल ओढले. तोंड त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सुटा करून सांगू लागला. "अण्णा, तुम्ही भरलेला आहे ना, त्याचा आवाज मातीच्या घागरीसारखा येतो. त्या दुसऱ्याचा पितळेच्या घागरीसारखा. पाणी तेवढंच आहे. पण काठाला बोट लागलं की कळतं." दाजींनी विचारले, "पखवाजात कसं?" पोर विचारात पडले. मग म्हणाले, "पितळेचा म्हणजे उजवी पुडी जास्त. तुमचा म्हणजे डावी जास्त, कणीक जरा ओली लागली तर कशी, तशी." दाजी म्हणाले, "ओली नको. घट्ट पाहिजे. अजून पाचशे वेढे कमी केले असते तर?" आणि दोघे बोलत राहिले. मी घड्याळाकडे पाहिले नाही, पण समोरच्या हॉटेलातून मागवलेला चहा येऊन गार झाला, तो कोणी उचलला नाही.

आपल्या कानाला काय ऐकू येते ते दुसऱ्याच्या कानात घालता येत नाही. माझा तंबोरा मला कसा लागतो, माझी चहाची चव मला कशी लागते, हे ज्याचे त्याला. तिथवर जायला एकच पायवाट आहे. ती म्हणजे 'याच्यासारखे' आणि 'त्याच्याहून निराळे'. मिरजेतले दोन गवई दुपारभर जवारीवरून बोलतात, गच्चीवरची पाच पोरे पिकअपवरून भांडतात, ते निकालासाठी नसावे. निकाल तर भिंतीकडे तोंड केले की पुसून जातो. पण बोलता बोलता प्रत्येकजण आपल्या कानाची खिडकी थोडी उघडतो आणि म्हणतो, "इथून पाहा, मला असे दिसते." ज्यांच्यात एवढे उरलेले नाही अशी घरे मी पाहिली आहेत. तिथे सर्वांचे कान धडधाकट असतात.

दाजींचे कान काही सुधारले नाहीत. वरचा मुलूख गेला तो गेलाच. भाच्याचे वाजवणे अजून बेताचेच आहे. दोन वर्षांत चाराचे चाळीस सूर झाले असतील, आणि त्यातले तीस ताईला सारखेच वाटतात. जॅझ गिटारीचे चित्र त्याच्या वहीत अजून आहे. नोकरी लागली की घेणार म्हणतो, आणि घ्यावीच. भजनी मंडळातल्या एका बुवांनी मध्ये विचारणा केली, की पोराला वाद्य घेऊन येऊ द्या, एकतारीच्या जागी खालचा सूर धरील. मंडळातल्या जुन्या माणसांत यावर दोन तट पडले आहेत, आणि तेही आता तुलना करीत बसले आहेत.

परवा दिवाळीची फराळाची तयारी चालू असताना मी ताईकडे गेलो. ती कणीक मळत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हल्ली परातीत मूठभर जास्तच घ्यावी लागते बघ." मी माळ्याकडे पाहिले. तिथे पखवाजाची खोळ होती, पण ती रिकामी होती.